अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून सिनेमा सांगायचा म्हणजे पत्रातून जेवायला वाढण्यासारखं आहे. पण आजचा सिनेमा त्यातल्या त्यात सोपा, कारण त्यात रंग जवळजवळ नाहीतच. काळं आणि पांढरं, मध्ये थोडा राखाडी धूर. आणि तो आहे चितारलेला, म्हणजे ॲनिमेशनचा. लहान मुलांचा मात्र नव्हे.

सुरू करण्याआधी एक सांगते. साताऱ्याला माझे एक काका असतात, वय 84. रात्रीचं जेवण झालं की रेडिओ उशाशी घेऊन पडतात. आज दुपारी मी त्यांना मुद्दाम फोन केला, म्हटलं, काका, आजचं भाषण ऐका, शेवटपर्यंत ऐका. त्यांनी विचारलं, विषय काय? मी म्हटलं, इराण. ते म्हणाले, युद्धाचं असेल तर नको, झोप लागत नाही. युद्ध आहे त्यात, काका. पण थोडंच.

तर आता डोळे मिटा हवं तर. अंधारी खोली. एक म्हातारी बाई निजायच्या आधी कपडे बदलतेय. भिंतीला टेकून तिची नात बघतेय. बाई आतले कपडे सोडते आणि छातीपाशी जपून ठेवलेली जाईची फुलं एकेक करून खाली येतात. काळ्या पडद्यावरून पांढरी फुलं तरंगत तरंगत. ही आजी रोज सकाळी ताजी फुलं खुडून अंगाशी ठेवायची, म्हणजे दिवसभर अंगाला वास. नात तिच्या कुशीत शिरते, तेव्हा तो वास तिला येतो. पडद्याला वास नसतो हे मलाही कळतं, पण मला आला.

हा सिनेमा ‘पर्सेपोलिस’. 2007 सालचा. मर्जान सत्रापी या बाईंनी आधी स्वतःच्या आयुष्यावर चित्रकादंबरी काढली, फ्रेंचमध्ये, चार भागांत. मग व्हिन्सेंट पारोनो या सहदिग्दर्शकाबरोबर तिचा सिनेमा केला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ज्यूरी पारितोषिक मिळालं, दुसऱ्या एका सिनेमाबरोबर विभागून. ऑस्करच्या यादीतही होता. तिथे स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा सिनेमा, ‘रॅटाटुई’, जिंकला. नाव आलंय इराणच्या प्राचीन राजधानीच्या ग्रीक नावावरून. खुद्द इराणी लोक त्या अवशेषांना तख्त-ए-जमशीद म्हणतात. तख्त आपल्यालाही नवं नाही.

मी तो पाहिला दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात. माझी भाची पुण्यात ॲनिमेशन शिकते. सुट्टीला आली ती लॅपटॉप उघडूनच. म्हणाली, आत्या, हे बघ, कागदावर हाताने काढून, मग पेनाने गिरवून केलंय सगळं, संगणकाची चलाखी नाही. शेजारी माझी आई गवार निवडत बसली होती. बोलणं फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी, आईला दोन्ही येत नाही. पण जाईची फुलं पडली तेव्हा तिचा हात थांबला. "अगं, ही बाई फुलं कुठं ठेवते?" मी सांगितलं. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं आहे की. आपण तिथं नोटा ठेवतो."

गोष्ट थोडक्यात अशी. 1978 साल, तेहरान. मर्जान आठ-नऊ वर्षांची, घरचे सगळे शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, राजवटीवर चिडलेले. क्रांती होते, शहा देश सोडतो, 1979 च्या फेब्रुवारीत धर्मगुरू खोमेनी परदेशातून परततात. घरात आनंदीआनंद, तुरुंगातून सुटलेला काका घरी येतो, पोरीला गोष्टी सांगतो, पावाच्या गोळ्याचा हंस करून देतो. पण थोड्याच दिवसांत नवी राजवट त्याच काकाला पकडून फाशी देते. मग डोक्यावर रुमाल. तो एकदम आला असंही नाही. 1979 च्या मार्चमध्येच बायकांनी कामावर हिजाब घालून जावं असा शब्द निघाला आणि दुसऱ्याच दिवशी, महिला दिनी, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. तेव्हा जरा माघार झाली. पुढे हळूहळू आवळत नेलं, आणि 1983 मध्ये तर कायद्यातच आलं की डोकं न झाकणाऱ्या बाईला 74 फटके. तोवर इराकशी युद्ध सुरू झालेलं होतं, 1980 ते 88, आठ वर्षं. शेजारचं घर बॉम्बने पडतं आणि ढिगाऱ्यात मैत्रिणीचा हात दिसतो. चित्रात तो हात फार थोडा दाखवलाय, एका क्षणापुरता. पोरगी तोंड झाकून घेते.

पोर तोंडाळ, शाळेत बाईंना उलटून बोलणारी. आई-वडील घाबरतात आणि चौदाव्या वर्षी तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवून देतात. इथे माझं एक म्हणणं आहे. मुलीला व्हिएन्नाला पाठवणं सगळ्यांना परवडत नाही. हे खात्यापित्या, शिकल्यासवरल्या, तेहरानमधल्या घराचं चित्र आहे. खेड्यातल्या बाईचं, गालिचे विणणाऱ्या बाईचं नाही. हा सिनेमा पाहून "इराणी बायका कळल्या" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एक बाई आणि तिची आजी कळते. माझ्यासाठी तेवढं भरपूर झालं.

बरेच जण या सिनेमातल्या धीट प्रसंगांबद्दल बोलतात, आणि ते आहेतही मजेचे. काळ्याबाजारात कॅसेट विकणारे, कोटाच्या कॉलरी वर करून गायकांची नावं पुटपुटत उभे असतात, जणू अफू विकतायत. चित्रकलेच्या कॉलेजात मनुष्याकृतीचा वर्ग, आणि समोर मॉडेल म्हणून नखशिखांत काळ्या चादरीतली बाई. विद्यार्थी डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, सगळीकडून तोच काळा तंबू. आणि एकदा उशीर झाला म्हणून ती धावतेय, तर गस्तीची गाडी कर्णा लावून सांगते, बाई, धावू नका, धावताना तुमचा पार्श्वभाग हलतो, ते अश्लील दिसतं. ती उलट ओरडते, मग तुम्ही तिकडे बघू नका! गाडीतले इतके चक्रावतात की तिला पकडायचंच विसरतात. भाची खो-खो हसली. आईने विचारलं काय म्हणाली, भाचीने जसंच्या तसं सांगितलं, आईही पदर तोंडाला लावून हसली.

मी हसले, पण अडकले पुढच्या प्रसंगाशी.

मर्जान आता मोठी झालीय, व्हिएन्नाहून परत आलीय. मित्राची वाट बघत रस्त्यात उभी आहे, ओठ रंगवलेले. तेवढ्यात नैतिकता सांभाळणाऱ्या पहारेकऱ्यांची गाडी येताना दिसते. लिपस्टिक म्हणजे पकडणार, ठाण्यावर नेणार. तिथे एक माणूस आपला आपला बसलेला असतो. मर्जान सरळ पहारेकऱ्यांकडे जाते आणि सांगते, हा माणूस मला घाणेरडं बोलला. ते त्याला उचलून गाडीत घालतात. तो म्हणत राहतो, मी काही केलं नाही. गाडी जाते. लिपस्टिककडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

हे ती आजीला गंमत म्हणून सांगते. कसं उल्लू बनवलं बघ त्यांना! आणि आजी, ती जाईच्या फुलांची आजी, जी तोवर तिच्या प्रत्येक उचापतीला हसत आलेली असते, ती भडकते. आजोबांचं नाव काढते, फाशी गेलेल्या काकाचं नाव काढते, ते कशापायी मेले आणि तू काय केलंस, असं विचारते, आणि पाठ फिरवून निघून जाते. या आजीचा आवाज दानिएल दारिउ या नटीचा आहे, त्या वेळी नव्वदीला आलेल्या. इतका प्रेमळ आवाज इतका कठोर होताना मी ऐकला नव्हता.

भाचीने विचारलं, "आत्या, रडतेस काय?" मी म्हटलं, कांद्याचा वास येतोय. घरात तेव्हा गवार होती, कांदा नव्हता.

आता जरा आडवळण घेते. आपण अब्रू म्हणतो ना, तो शब्द फारसी. आब म्हणजे पाणी, आब म्हणजे तेजही, आणि रू म्हणजे चेहरा. आबरू, चेहऱ्यावरचं पाणी. मोत्याचं पाणी म्हणतो, तसं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण घराघरातली अब्रू काही हलली नाही. ती आमच्या घरी तर देव्हाऱ्याच्या वर टांगलेली होती.

1991 साल. मी सतरा वर्षांची, अकरावीत. साताऱ्यात सायकलवरून कॉलेजला जायचे. सातारा ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथे सपाट रस्ता असा नाही. जाताना उतार असेल तर येताना छातीवरचा चढ. एक दिवस शिकवणीला दांडी मारून मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले. सुटला उशिरा. राजवाड्याच्या पुढे चढावर साखळी उतरली. कडेला एक सायकलचं दुकान होतं, छोटंसं, तिथे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा हाताखाली काम करायचा. मी प्रयत्न करून हात काळे केले होते, हात ओढणीला पुसले होते. तो आला, खाली बसला, अंगठ्याने साखळी दातांवर बसवली, पायडल फिरवून पाहिलं. मी पैसे विचारले. "राहू द्या," म्हणाला. दोन शब्द. तेवढंच बोलला तो.

घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. दारात धाकटे काका उभे. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग ओढणीकडे. पांढरी ओढणी, त्यावर काळ्या तेलाचा डाग, चांगला पंजाएवढा.

"हे काय?"

सिनेमा म्हणावं तर शिक्षण बंद. माझ्या थोरल्या चुलत बहिणीचं तसंच झालं होतं. मला वाटतं मी विचारही केला नाही. म्हटलं, सायकलच्या दुकानातला मुलगा आडवा आला. काहीतरी बोलला.

काका चपला घालून तसेच निघाले. अर्ध्या तासाने परत आले, हात धुतले, जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळलं की चौकात, सगळ्यांदेखत, त्याला दोन ठेवून दिल्या आणि दुकानाच्या मालकाने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आमच्या घराची अब्रू राहिली. घरातल्या बायकांनी मला आठवडाभर जपलं, साय-साखर खायला घातली.

आणि माझी आजी. ती कपडे धुवायला घ्यायच्या आधी सगळ्यांचे खिसे चाचपून बघायची. दोन दिवसांनी तिने मला परसात बोलावलं, माझी मूठ उघडली आणि तीत सिनेमाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा ठेवला. त्यावर खेळाची वेळ छापलेली होती. माझ्या कुर्त्याच्या खिशात निघाला होता. आजी चौथी शिकलेली. तिला वाचता येत होतं. "नीट ठेवत जा," एवढंच म्हणाली आणि बंबात लाकडं सारायला गेली.

तीस वर्षं मी ही आठवण माया म्हणून जपली. आजीने मला वाचवलं. कुणालाही सांगितली तरी समोरचा म्हणायचा, काय गोड आजी हो. मी गोष्ट तिकिटापासून सुरू करायचे आणि तिकिटापाशी संपवायचे. सायकलच्या दुकानातला मुलगा त्यात नसायचाच.

तेहरानच्या म्हातारीने पाठ फिरवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका आजीने घराच्या अब्रूला जपलं होतं आणि दुसरीने नातीच्या चेहऱ्यावरचं पाणी पाहिलं होतं. माझ्या आजीला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. तिच्यापुढे वाट कुठली होती, हेही मला ठाऊक आहे. तिने तोंड उघडलं असतं तर मी बारावीसुद्धा झाले नसते. पण मुलगा बाहेरचा होता, आणि तो आमच्यापैकी कुणाच्याच हिशेबात नव्हता.

सिनेमात पुढे काय होतं तेही सांगते. कॉलेजात सभा भरते, मुलींनी डोक्यावरचा रुमाल आणखी लांब घ्यावा, विजारी इतक्या ढगळ नकोत, अशी भाषणं होतात. मर्जान भर सभेत उठते आणि विचारते, मुलांनी हवे तितके तंग कपडे घातलेले चालतात, मग सगळे नियम आम्हालाच का? आजीपर्यंत ते पोचतं आणि आजी पुन्हा तिच्याशी बोलू लागते. धीटपणाचा हा प्रसंग त्या खोटेपणाच्या प्रसंगानंतर येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सत्रापींनी स्वतःला आधी तोंडघशी पाडलंय. व्हिएन्नात एकदा ती आपण फ्रेंच आहोत म्हणून सांगते, इराणी म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून. तेही त्यांनी लपवलेलं नाही. इराणच्या सरकारी चित्रपट संस्थेने हा सिनेमा बदनामी करतो म्हणून फ्रान्सकडे निषेध नोंदवला होता. पण त्यात सगळ्यात जास्त बदनामी केलीय ती मर्जानने मर्जानची.

भाचीला मी त्याच रात्री सगळं सांगितलं. एकविसाव्या वर्षी माणसं फार सरळ प्रश्न विचारतात. "मग तू त्याला शोधलंस का?" मी म्हटलं, नाही. "का?" याला उत्तर नव्हतं. आई पलीकडे पडली होती, जागी होती. अंधारातून म्हणाली, "आता कशाला ते? झालं-गेलं."

तरी महिन्याभराने गेले. सायकलचं दुकान राहिलेलं नाही, तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात. शेजारी एक म्हातारे शिंपी अजून बसतात, त्यांना आठवत होतं. त्यांच्याकडून कळलं, तो कोरेगावला असतो, दुचाकी दुरुस्तीचं स्वतःचं गॅरेज आहे. एसटीने तासाभराच्या आतला रस्ता. तेवढ्याला मला बत्तीस वर्षं लागली.

पन्नाशी उलटलेले गृहस्थ. कार्ब्युरेटर खोलून बसले होते, हात रॉकेलच्या डब्यात. मी नाव सांगितलं, काकांचं नाव सांगितलं, ती ओढणीची मुलगी मी, असं सांगितलं. तुम्ही काही बोलला नव्हता, मी खोटं सांगितलं, असं सांगितलं. माफी मागितली. घरून पाठ करून गेले होते, निम्मं विसरले.

ते बराच वेळ फडक्याने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "कैक दिवस मला वाटायचं, आपल्या तोंडातनं गेलं असंल काय कायतरी? साखळी बसवताना? लई आठवून बघायचो." 

मला उभं राहवेना. त्यांनी पोराला स्टूल आणायला सांगितलं.

"तुमच्या काकांस्नी म्हाईत हाय का हे?"

मी म्हटलं, नाही.

"अजून मंडईत दिसत्यात कधी कधी. मला बघितलं की मान फिरवत्यात." त्यांनी जेट उचलला, फुंकर मारून त्याचं भोक उजेडात धरून पाहिलं. "मला काय सांगताय, ताई. त्यांस्नी सांगा."

चहा आला. आम्ही प्यायलो. ते कामाला लागले, मी एसटीला.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. 2022 साली महसा अमिनी या मुलीला रुमाल नीट नाही म्हणून तेहरानमध्ये पकडलं, ती कोठडीतून जिवंत आली नाही, आणि मग "ज़न, ज़िंदगी, आज़ादी", म्हणजे बाई, जगणं, स्वातंत्र्य, असं म्हणत त्या देशातल्या शाळकरी मुलींनी रस्त्यावर रुमाल भिरकावले. त्या मुलींचं धैर्य मी कुठून आणणार. मला साताऱ्यातल्या एका ओट्यावर बसून एका म्हाताऱ्या माणसाला चार वाक्यं सांगायची होती. तीनदा गेले. एकदा पेन्शनचं बोललो, एकदा गुडघ्यांचं, एकदा काकूंच्या वर्षश्राद्धाचं. घरचे म्हणतात, त्यांना रक्तदाब आहे, नको. काकांनी आयुष्यभर ती गोष्ट अभिमानाने सांगितलीय. माझ्या लग्नातही सांगितली होती, व्याह्यांना.

म्हणून आज दुपारचा फोन.

काका, रेडिओ बंद करू नका. त्या दिवशी मी राजवाड्यापलीकडे सिनेमाला गेले होते, साडेतीनच्या खेळाला. साखळी उतरली होती. डाग माझ्याच हाताचा होता. तो मुलगा "राहू द्या" म्हणाला, दुसरं काही नाही. कोरेगावला स्टँडच्या मागे त्याचं गॅरेज आहे. मी रविवारी सकाळी येते, तुम्ही तयार राहा. गाडी मी आणते.